पांढऱ्या कल्ल्यांचा मासा

मासा ताजा की शिळा हे ओळखण्याची विद्या मला आईकडून मिळाली. लहानपणी ती मला बोटाला धरून म्हापशाच्या बाजारात नेई. मासे विकणाऱ्या बाईपुढे ओणवी होऊन ती एखादा बांगडा उचली, अंगठ्याने त्याच्या कल्ल्याचे झाकण वर करी आणि आत डोकावून पाही. आत जास्वंदीसारखा तांबडा रंग दिसला तर मासा आमच्या पिशवीत. रंग फिकटलेला असला तर पुन्हा टोपलीत. "डोळ्यांवर पाणी मारून ते चकाकवता येतात, कल्ल्याला खोटे बोलता येत नाही," असे तिचे म्हणणे. पुढे पस्तीस वर्षे मी जहाजांवर यंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, नाना देशांच्या बंदरांतील मासळीबाजार पाहिले आणि जेथे गेलो तेथे आईची ही कसोटी खरी ठरताना अनुभवली. ती एकदाच चुकली. ती जेथे चुकली त्या समुद्राविषयी आज लिहावयाचे आहे.

२०१५ सालचा जुलै महिना. उरुग्वे देशातील माँतेविदेओ बंदरातून आमचे जहाज दक्षिण जॉर्जिया बेटाकडे निघाले. जहाज शीतमालवाहू होते, म्हणजे त्याचे पोट हे एक प्रचंड शीतकपाटच. बेटाच्या आश्रयाला मासेमारी करणाऱ्या मोठ्या नौका येणार, आपला गोठवलेला माल आमच्या स्वाधीन करणार आणि आम्ही तो उणे पंचवीस अंशांत जपत उत्तरेकडे आणणार, असा तो व्यवहार. दक्षिण अटलांटिकचा हिवाळ्यातील स्वभाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या पाच दिवसांचे वर्णन सांगावयास नको. आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून पटावयाचे नाही.

यंत्रघरात काम करणाऱ्या माणसाला समुद्र दिसत नाही. तो त्याला मापकांवर वाचावा लागतो. यंत्रे थंड राखण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतात आणि त्या पाण्याचे तपमान दर पाळीला नोंदवहीत लिहावयाचे असते. मुरगाव बंदरात हा आकडा अठ्ठावीस-तीस असतो. माँतेविदेओ सोडल्यापासून तो दिवसाला अंश-दोन अंश असा सावकाश उतरत होता. चौथ्या दिवशी मात्र पाळी सुरू झाली तेव्हा काटा सहा अंशांवर होता आणि पाळी संपली तेव्हा तो दोनच्या खाली होता. मापक बिघडला असे समजून मी दुसरा लावून पाहिला. त्यानेही तोच आकडा दाखविला. वर येऊन पाहतो तो सगळीकडे दाट धुके, आणि हवेला एक नवीनच धार आलेली.

आम्ही अंटार्क्टिक संगमरेषा ओलांडली होती. नकाशावर ती एका देशाची सीमा असावी तशी अंटार्क्टिका खंडाभोवती वळसा घालून पुन्हा स्वतःला मिळते. दक्षिणेकडून येणारे थंड, जड पाणी येथे उत्तरेच्या उबदार पाण्याखाली बुडी मारते. रेषेच्या अलीकडे एक समुद्र आणि पलीकडे दुसराच. सुमारे तीन-साडेतीन कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाचा दक्षिण अमेरिकेशी असलेला शेवटचा सांधा निखळला, खंडाभोवती अखंड फिरणारा एक सागरप्रवाह सुरू झाला आणि उष्ण पाण्याला दक्षिणेची वाट बंद झाली. तेव्हापासून रेषेच्या आत जे सापडले त्यांना बाहेर पडणे कठीण, आणि बाहेरच्यांना आत शिरणे त्याहून कठीण. जलचरांच्या दृष्टीने तो एक तट घातलेला मुलूखच झाला.

दक्षिण जॉर्जिया हे बेट त्या तटाच्या आत, पण वेशीजवळ आहे. त्याचा अक्षांश दक्षिणेचा चौपन्न. उत्तर गोलार्धात एवढ्याच अक्षांशावर उत्तर इंग्लंडची हिरवी कुरणे आहेत. येथे अर्ध्याहून अधिक भूमी बर्फाखाली आहे आणि हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. पाचव्या दिवशी उशिरा उजाडले तेव्हा धुक्याच्या फटीतून आधी एक शुभ्र सुळका दिसला, मग दुसरा, आणि मग सुमारे तीन हजार मीटर उंचीची अखंड रांग. माझ्याबरोबरचा केरळी सहकारी हळूच म्हणाला, "साहेब, येथे काय जगत असेल?" त्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या पायांखाली होते. ह्या बेटाभोवतालच्या समुद्रातील प्राण्यांची जी सूची २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात १,४४५ जाती मोजलेल्या आहेत.

कंबरलँड उपसागरात आम्ही नांगर टाकला. एक मासेमारी नौका आमच्या कडेला लागली आणि पेट्या वर चढू लागल्या. तेथील मासेमारीवर देखरेख करणारा एक आंतरराष्ट्रीय आयोग आहे. त्याच्या नियमांप्रमाणे नौकेवर एक शास्त्रीय निरीक्षक होती. दक्षिण अमेरिकेतील एक तरुण जीवशास्त्रज्ञ मुलगी. जाळ्यात नको असलेले काय काय येते त्याची मोजदाद ठेवणे हे तिचे काम. मी गोव्याचा, मासे खाणाऱ्या मुलखातला, हे कळल्यावर ती म्हणाली, "मग तुम्हाला एक गंमत दाखविते." दोरशिडीने मी तिच्या नौकेवर उतरलो. एका टाकीत समुद्राचे पाणी खेळते ठेवले होते आणि त्यात वीतभर लांबीचा एक मासा संथपणे उभा होता. अंगावर एकही खवला नाही. चंदेरी अंगाला काचेची झाक. इंग्रजीत त्याला मॅकरेल आइसफिश, म्हणजे बांगडा-हिममासा म्हणतात. मात्र आपल्या बांगड्याशी त्याचे नावापुरतेच नाते.

माझा अंगठा सवयीने कल्ल्याकडे गेला. झाकण उचलले आणि मी चमकलो. आतला कल्ला दुधावरच्या सायीसारखा पांढरा होता. आईच्या कसोटीने हा मासा चार दिवसांचा शिळा ठरला असता. आणि तो तर माझ्या हातात जिवंत वळवळत होता! मुलीने त्याच्या शेपटीजवळून बारीक सुईने एक थेंब काढून काचेवर ठेवला. पावसाच्या पाण्याचा असावा तसा स्वच्छ थेंब. ते त्याचे रक्त होते.

ह्या माशाची हकीकत देवमासे मारणाऱ्या नॉर्वेजियन खलाशांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. पण खलाशांच्या गोष्टींवर विश्वास कोण ठेवणार? योहान रूड नावाचा एक विद्यार्थी १९२९ साली अशा एका जहाजावर होता. तेथे बिनरक्ताच्या माशाविषयी ऐकून त्याला ती थट्टाच वाटली. वास्तविक त्याच्या आधी, १९२७-२८ च्या मोहिमेत, डिटलेफ रुस्टाड ह्या प्राणिशास्त्रज्ञाने बुव्हे बेटाजवळ असा मासा प्रत्यक्ष हाताळून त्याचे रक्त रंगहीन असल्याची नोंद केली होती. ते कळल्यावर रूडच्या मनात ती गोष्ट घर करून राहिली. पुढे तो प्राध्यापक झाला, दक्षिण जॉर्जियाला जाऊन त्याने ह्या माशांचे रक्त तपासले आणि १९५४ साली जगाला सांगितले की, तांबड्या पेशी व हीमोग्लोबिन ह्यांवाचून जगणारे पृष्ठवंशी प्राणी खरोखरच आहेत. आज अशा हिममाशांच्या पंधरा-सोळा जाती ठाऊक आहेत. पाठीचा कणा असलेल्या इतर कोणत्याही प्राणिकुळाला प्रौढपणी हे साधलेले नाही.

मग हा जगतो कसा? माझ्या मनात प्रथम पंपाचा हिशोब आला. वाहून नेणारा द्रव दुबळा असेल तर नळ रुंद करावे, पंप मोठा बसवावा आणि प्रवाह वाढवावा. निसर्गाने नेमके तेच केले आहे. ह्या माशाचे हृदय त्याच्या तांबड्या रक्ताच्या भाऊबंदांपेक्षा कितीतरी मोठे, रक्तवाहिन्या रुंद, अंगातील रक्त दुपटी-चौपटीने अधिक. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो; शून्य अंशाच्या समुद्रजलात तो आपल्याकडील कोमट समुद्राच्या सुमारे पावणेदोन पट असतो. थंडीमुळे शरीराची गरजही कमी. एवढे सारे जमून आले तेव्हा कोठे तांबड्या रंगावाचून भागले. येथे एक खुलासा केला पाहिजे. हीमोग्लोबिन गमावल्याने ह्या माशाचा काही फायदा झाला असे म्हणता येत नाही. मोठ्या हृदयाला राबवावे लागते ते वेगळेच. हा लाभ नव्हे, ही परवडलेली हानी आहे. आणि ती परवडली केवळ समुद्र युगानुयुगे तितकाच थंड राहिला म्हणून.

दुसरे कोडे गोठण्याचे. समुद्राचे पाणी खारट असल्यामुळे उणे १.९ अंशापर्यंत द्रव राहते. पण सामान्य माशाचे रक्त उणे एक अंश होण्यापूर्वीच गोठू लागते. म्हणजे ध्रुवीय समुद्रात मासा गोठावा आणि पाणी मात्र वाहत राहावे, असा प्रसंग. आर्थर डीव्रीज ह्या अमेरिकन संशोधकाने १९६० नंतरच्या दशकात दक्षिणेच्या मॅकमर्डो उपसागरात बर्फाला भोके पाडून मासे धरले आणि त्यांच्या रक्तातील किमया शोधून काढली. थंड मुलखात मोटारीच्या पाण्यात गोठणरोधक द्रव घालतात तसे ह्या माशांच्या रक्तात एक शर्करायुक्त प्रथिन असते. बर्फाचा सूक्ष्म कण शरीरात शिरला की ते त्याला चिकटून बसते आणि वाढू देत नाही. १९९७ साली असेही दिसून आले की, हे प्रथिन बनविणारे जनुक मुळात स्वादुपिंडातील एका पाचकरसाच्या जनुकापासून घडलेले आहे. घरातील जुन्या वाशाचा पाळणा करावा तसे हे झाले. त्याच वर्षी त्याहून नवलाची गोष्ट उजेडात आली. उत्तर ध्रुवाकडील एका कॉड माशाच्या अंगी जवळजवळ तसेच प्रथिन आहे. पण ते सर्वस्वी निराळ्या मुळापासून आलेले. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन अनोळखी कुळांनी एकाच संकटावर एकच तोडगा काढावा, ह्याला काय म्हणावे!

उत्तरेचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगतो. दक्षिण ध्रुव म्हणजे समुद्राने वेढलेली भूमी. उत्तर ध्रुव म्हणजे भूमीने वेढलेला समुद्र. उत्तरेकडील समुद्राच्या वेशी उघड्या असल्यामुळे तेथे अटलांटिक व प्रशांत महासागरांतून पाहुणे येत-जात राहिले. दक्षिणेत दारे बंद होती. त्यामुळे तेथील माशांच्या जाती तशा थोड्या, तीनशेंहून काही अधिक. पण त्यांपैकी किनाऱ्याजवळच्या बहुसंख्य एकाच गोतावळ्यातील आहेत. ह्यांचा मूळपुरुष तळाशी राहणारा, पोहण्यास हलके करणारा वायूचा फुगा अंगी नसलेला एक साधा मासा असावा. त्याच्या वंशजांपैकी कोणी तळ धरून राहिला, कोणी अंगात चरबी साठवून मधल्या पाण्यात तरंगू लागला, कोणी बर्फाच्या खालच्या अंगाला भेगांत दडून राहू लागला, तर कोणी वाढून दोन मीटर लांबीचा दातमासा झाला. एका घराण्याने सारा गाव वसवावा तसा हा प्रकार आहे.

माशांचे असे, तर समुद्रतळाची कथाच वेगळी. दक्षिण महासागरातील प्राण्यांच्या आठ हजारांहून अधिक जातींची आजवर नोंद झाली आहे आणि त्यांतील बहुतेक तळाशी राहणाऱ्या आहेत. बेटाभोवती मासेमारी नौकांच्या जाळ्यांत व सुतांत चुकून आलेल्या काही प्राण्यांची छायाचित्रे त्या मुलीने मला दाखविली. पिवळे-केशरी स्पंज, पिसांसारखे हात हलविणारे सागरी प्राणी, तारामासे, लिंबाच्या रंगाच्या मृदुकाय गोगलगायी. समुद्रकोळी आपल्याकडे नखाएवढे असतात. तेथील काहींच्या पायांचा पसारा सत्तर सेंटिमीटरांपर्यंत जातो. कवच फोडून खाणारे खेकडे आणि मोठे मुशी मासे त्या अतिथंड उथळ पाण्यातून जवळजवळ नाहीसे झाले, म्हणून हे मऊ, संथ जीव निर्धास्तपणे वाढले. शत्रूच नाही, मग घाई कशाची? तेथे सगळेच सावकाश. अंडी फुटावयास महिनेच्या महिने, वयात यावयास वर्षेच्या वर्षे.

ह्या समुद्राचा ठाव अजून पुरता लागलेला नाही, ह्याचे प्रत्यंतर अलीकडे वारंवार येते. २०२१ च्या फेब्रुवारीत पोलारस्टर्न हे जर्मन संशोधनजहाज वेडेल समुद्रात बर्फाखाली कॅमेरा ओढत चालले होते. चारपाचशे मीटर खोलीवर तळाशी एक वाटोळे घरटे दिसले, मग दुसरे, मग तिसरे. तासांमागून तास गेले तरी घरटी संपेनात! योना ह्या बायबलमधील संदेष्ट्याचे नाव धारण करणाऱ्या हिममाशाची ती वसाहत होती. सुमारे दोनशे चाळीस चौरस किलोमीटरांत अंदाजे सहा कोटी घरटी. गोव्याच्या क्षेत्रफळाचा हा सुमारे पंधरावा हिस्सा झाला. प्रत्येक घरटे पाऊण मीटर रुंद, त्यात सरासरी सतराशेंवर अंडी, आणि बहुतेकांवर राखण करणारा एक पालक. ज्या माशाला रक्ताचा रंगही नाही त्याने बर्फाच्या छपराखाली एवढे मोठे नगर वसविले होते आणि माणसाला त्याची खबरही नव्हती.

तशीच गोष्ट महाकाय माखलाची. वजनाने सर्वांत मोठा अपृष्ठवंशी प्राणी म्हणून त्याची ख्याती. १९२५ साली त्याचे वर्णन झाले ते एका देवमाशाच्या पोटात सापडलेल्या बाहूंवरून. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणी त्याच्या घरी जिवंत पाहिला नव्हता. २०२५ च्या मार्चमध्ये दक्षिण जॉर्जियाच्या शेजारच्याच दक्षिण सँडविच बेटांजवळ, सुमारे सहाशे मीटर खोलीवर, त्याचे प्रथमच चित्रण झाले. आणि तोही कोण? जेमतेम हातभर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक बालक.

आता आमच्या मालाविषयी. पेट्यांत क्रिल होते. आपल्याकडील जवळा, ज्याला वाळविल्यावर गोव्यात गालमो म्हणतात, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांनी क्रिल म्हणजे त्याचा बोटभर लांबीचा थोरला भाऊ समजावा. हिवाळ्यात बर्फाच्या तळाशी वाढलेले शेवाळ खरवडून त्याची पिले जगतात. उन्हाळ्यात त्यांचे थवे समुद्राला तांबूस रंग चढवितात. देवमासे, सील, पेंग्विन, सागरी पक्षी, आणि तो टाकीतला हिममासादेखील त्याच्यावरच पोसतो. सगळ्या गावाची एकच कोठी, आणि आम्ही तिच्यातून पोती भरून नेत होतो. मी मुलीला विचारले, "इतके नेल्याने काही बिघडते का?" ती म्हणाली, "समुद्रात ते कोट्यवधी टन आहे. एकूण बेरीज पाहिली तर तुम्ही नेता ते थोडे. पण पेंग्विनला आपल्या पिलांसाठी जे लागते ते त्याच किनाऱ्यालगत आणि त्याच आठवड्यांत लागते. बेरजेने त्याचे पोट भरत नाही."

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून, बूट घासूनपुसून, आम्ही चौघे दोन तास ग्रिटविकन येथे उतरलो. कार्ल अँटन लार्सन ह्या नॉर्वेजियन कप्तानाने १९०४ साली येथे देवमासे कापण्याचा कारखाना काढला. आता बर्फात बुडालेल्या गंजक्या टाक्या, वाकलेल्या चिमण्या, १९१३ सालचे एक छोटेसे लाकडी चर्च आणि टेकडीच्या पायथ्याशी शॅकलटनची समाधी, एवढेच उरले आहे. १९०४ ते १९६५ ह्या काळात एकट्या ह्या बेटावर १,७५,२५० देवमासे कापले गेले. देवमासे संपत आले तसे कारखाने बंद पडले. मग माशांची पाळी आली. १९६९-७० च्या एका हंगामात ह्या बेटाभोवती संगमरवरी नक्षीच्या एका खडकमाशाची सुमारे चार लाख टन मासळी काढण्यात आली. पुढच्या हंगामात ती चौथ्या हिश्शावर आली, आणि त्यानंतर जाळी जवळजवळ रिकामी येऊ लागली. सावकाश वाढणाऱ्या जिवाची दोन वर्षांत केलेली लूट भरून येण्यास कित्येक दशकेही पुरली नाहीत.

ह्या अनुभवाने शहाणे होऊन राष्ट्रांनी १९८० साली कॅनबेरा येथे अंटार्क्टिक सागरी जीवांच्या रक्षणाचा करार केला. तो १९८२ साली अमलात आला. भारतही १९८६ पासून त्याच्या आयोगात बसतो. किती मासळी काढावी हे ठरविताना ती खाऊन जगणाऱ्यांचाही विचार करावा, हे त्याचे मुख्य सूत्र. त्याचा उपयोग झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रॉस समुद्रातील पंधरा लाखांहून अधिक चौरस किलोमीटरांचा टापू २०१७ च्या डिसेंबरपासून राखीव झाला. दक्षिण जॉर्जियाभोवती २०२० च्या पाहणीत पंचावन्न निळे देवमासे दिसले. आधीच्या कित्येक वर्षांत तेथे एखाद-दुसरादेखील दिसण्याची मारामार होती. परंतु वेडेल समुद्र, जेथे ती सहा कोटी घरटी आहेत, तो राखून ठेवण्याचा प्रस्ताव २०१६ पासून एकमताअभावी वर्षानुवर्षे पडून राहिला. आणि २०२५ साली क्रिलच्या मासेमारीने ६,२०,००० टनांची ठरलेली मर्यादा प्रथमच गाठल्यामुळे ऑगस्टमध्येच तो हंगाम बंद करावा लागला. त्या बातमीने मला माझ्या पेट्या आठवल्या. माझ्या घराचे हप्ते अशाच खेपांच्या पगारातून फिटले, हे मी विसरू शकत नाही.

मासेमारी निदान कागदावर आवरता येते. दुसऱ्या गोष्टीला कोणता आयोग आवर घालणार? दक्षिण जॉर्जियाभोवतीच्या पाण्याच्या नोंदी १९२५ पासून ठेवल्या आहेत. त्यांवरून असे दिसून आले की, सुमारे ऐंशी वर्षांत वरच्या शंभर मीटरांतील पाणी जानेवारीत ०.९ आणि ऑगस्टमध्ये २.३ अंशांनी तापले. आपल्याला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण डीव्रीज आणि त्याचा सहकारी सोमेरो ह्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग आठवावेत. मॅकमर्डो उपसागरातील ह्याच गोतावळ्यातील मासे सहा अंशांच्या सुमारास उष्म्याने मरतात. आपल्या घरच्या शीतकपाटात, जेथे आपण भाजी थंड राहावी म्हणून ठेवतो, तेथे हे मासे उकाड्याने प्राण सोडतील! आणि त्यांना सरकून जाण्यास जागा कोठे आहे? उत्तरेला उष्ण पाणी, दक्षिणेला खंडाची भिंत.

मी यंत्रज्ञ असल्यामुळे एक गोष्ट मला पटकन समजली. जे यंत्र एकाच तपमानासाठी काटेकोर बनविलेले असते, ते त्या तपमानात सर्वांत चांगले चालते, आणि तपमान हलले की सर्वांत आधी बंद पडते. आपला बांगडा हंगामागणिक बदलणाऱ्या समुद्रात राहतो. त्याच्याजवळ थोडेफार सोसण्याची शिल्लक आहे. हिममाशाने ती शिल्लक केव्हाच खर्चून टाकली. त्याने समुद्राच्या स्थैर्यावर विश्वास ठेवला, आणि कोट्यवधी वर्षे तो विश्वास खरा ठरला. स्थैर्य मोडले तर त्यात त्याचा अपराध कोणता?

गोव्याचा ह्या दूरच्या समुद्राशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासीम ह्यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली ती गोव्याहूनच. ९ जानेवारी १९८२ रोजी ती मंडळी बर्फावर उतरली. आज वास्को येथे सड्याच्या टेकाडावर ध्रुवीय व महासागर संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे आहे आणि दर वर्षीच्या मोहिमेची तयारी तेथून होते. खाली मुरगावच्या धक्क्यावर उभे राहिले की, येथले तीस अंशांचे आणि तेथले शून्याखालचे पाणी हे एकाच समुद्राचे आहे, हे ध्यानी येते.

घरी परतल्यावर मी आईला सर्व हकीकत सांगितली. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती आणि बाजारात जाणे तिने सोडले होते. पांढऱ्या कल्ल्याचा जिवंत मासा ही गोष्ट तिला काही केल्या पटेना. मी छायाचित्र पुढे केले. तिने चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळले आणि मग विचारले, "रक्त नाही, खवले नाहीत, मग ह्या बापड्याला आधार कशाचा?"

"थंडीचा," मी म्हणालो.

"अरे, मग ती तरी त्याची त्याला राहू द्या," ती म्हणाली, आणि छायाचित्र माझ्या हाती परत दिले.

आता आई नाही. बाजाराची पिशवी माझ्याकडे आली आहे. अजूनही मी अंगठ्याने कल्ल्याचे झाकण उचलून आतला तांबडा रंग पाहतो, आणि तो पाहताना दर वेळी तो दुसरा, पांढरा कल्ला डोळ्यांपुढे येतो.